गोरिल्लाच्या कातड्यातला बाँड : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेलो की रॉजर मूरच्या सात बाँडपटांपैकी सगळ्यात जास्त अन्याय 'ऑक्टोपसी'वर झालाय. एकच वाक्य होतं हो. पण त्यावर जी पत्रं आणि मेल आले ते बघून मला वाटलं मी कुणाच्या तरी कुलदैवताबद्दल बोललो की काय. मग म्हटलं ठीक आहे, या महिन्याचं सगळं सदर त्याच पिच्चरला देऊन टाकू. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच, १९८३ चा पिच्चर, दिग्दर्शक जॉन ग्लेन, मूळ मालिकेतला तेरावा, अर्धी गोष्ट भारतात आणि अर्धी जर्मनीत, आणि हो, शेवटी काय होतं ते मी पुढे बिनधास्त सांगणार आहे, चाळीस वर्षं उलटून गेली, आता काय लपवायचं.

प्रश्न : सर, तुम्ही बरे आहात ना? वेलीला लटकून टारझनसारखा ओरडणारा बाँड, वाघाला 'बस' म्हणून सांगणारा बाँड, गोरिल्लाचा ड्रेस घातलेला बाँड, जोकरचा मेकअप केलेला बाँड. हा पिच्चर आहे की शाळेचं गॅदरिंग?
— एक जुना वाचक, पुणे

गॅदरिंग हा शब्द आवडला, चोरतोय. पण तुमची यादी अपुरी आहे, त्यात मगरीच्या आकाराची होडी राहिली आणि ब्रिटनचा झेंडा रंगवलेला बलून पण राहिला.

मी यातलं काहीही नाकारत नाही. टारझनच्या आरोळीला तर मी आजही रिमोट शोधून आवाज बंद करतो. पण ती आरोळी नेमकी कुठे येते ते बघा. बाँड व्हिलन कमाल खानच्या महालातून प्रेत बनून निसटलाय, म्हणजे खरोखर प्रेतांच्या पिशवीत शिरून, आणि ते कळल्यावर खान हत्ती काढतो, हाकारे लावतो आणि त्याच्या शिकारीला निघतो. माणसाची शिकार, तीसुद्धा मजेत. बाँडच्या अंगाला जळू चिकटलीये, वाटेत साप, पुढे पाण्यात मगर. बंदूक नाही, गॅजेट नाही, अंगावर चुरगळलेले कपडे. हे सगळं नीट दाखवलं असतं तर अंगावर काटा आला असता, आणि तिथेच या पिच्चरचा धीर सुटतो. मयताला आलेला एखादा काका असतो ना, सगळे गप्प बसलेत हे त्याला सहन होत नाही आणि मग तो मधेच काहीतरी जोक मारतो, तसं होतं. शांतता झाली रे झाली की मारा आरोळी. सापाला दम द्या, वाघाला बसवा.

माझं म्हणणं एवढंच आहे की काका जोक मारतो याचा अर्थ त्याला दुःख झालं नाही असा नसतो. या पिच्चरच्या पोटात एक चांगला, गंभीर, बऱ्यापैकी भीतीदायक पिच्चर लपलेला आहे आणि बनवणाऱ्यांनाच त्याची लाज वाटत होती.

आता जोकरबद्दल, कारण सगळ्यात जास्त पत्रं त्यावर आहेत आणि तिथे मात्र मी तुमच्याशी भांडणार. सुरुवात आठवा. पूर्व बर्लिनमधली रात्र, एक विदूषक जंगलातून जीव खाऊन पळतोय, तोच लाल नाकाचा मेकअप, हातात एक फुगा सुद्धा आहे, मागे दोन जुळे भाऊ सुऱ्या घेऊन. संवाद जवळजवळ नाहीतच. पाठीत सुरी बसते, तो नदीत पडतो, तरी कसाबसा ब्रिटिश राजदूताच्या घरापर्यंत पोचतो, काच फोडून आत कोसळतो आणि त्याच्या हातातून एक रत्नजडित अंडं घरंगळत बाहेर येतं. हा ००९. बाँडचा सहकारी. म्हणजे पिच्चरने पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच सांगून ठेवलंय की इथे जोकर मरतो.

आणि मग शेवटाकडे बाँड त्याच वेशात येतो. अमेरिकन तळावर सर्कस चाललीये, तोफेखाली अणुबॉम्ब आहे, काही मिनिटं उरलीत, आणि हा रिंगणात जाऊन जनरलला सांगतोय की बॉम्ब आहे, ऐका माझं, आणि सगळे हसतायत. पोरं हसतायत, अधिकारी हसतायत, त्यांना वाटतं आयटमच चाललाय. तो जितका कळकळीने सांगतो तितका हशा वाढतो. मूरचा चेहरा बघा त्या वेळी, पांढऱ्या रंगाच्या थराखाली नुसते डोळे दिसतात आणि त्या डोळ्यांत कुठेच मूरपणा नाही. आयुष्यभर ज्याने मिश्कीलपणावर पोट भरलं त्या माणसाला नेमक्या एका वेळी कुणी सीरियसली घेत नाही, ही कल्पना कुणाच्या डोक्यात आली असेल त्याला माझा दंडवत. मूरच्या आधीचा बाँड, शॉन कॉनरी, त्याला हा सीन जमलाच नसता, त्याच्यावर कोण हसणार?

आता इतक्या कमी वेळात तो इतका व्यवस्थित मेकअप करतो कसा हे कृपया विचारू नका. माझ्या भाचीच्या गॅदरिंगला नुसत्या मिशा काढायला अर्धा तास लागला होता.

प्रश्न : आम्ही दिवाळीत उदयपूरला गेलो होतो. तिथे तलावाकाठच्या एका गच्चीवरच्या हॉटेलात रोज संध्याकाळी हाच पिच्चर लावतात, आम्ही जेवता जेवता पाहिला. गारुडी, फकीर, खिळ्यांचा पलंग, महाराजे, मेंढीचं डोकं. मुलगी विचारायला लागली, बाबा तेव्हा भारत असा होता का? मी काय सांगायचं?
— नागपूरचे एक वडील

उदयपूरचा तो उद्योग खरा आहे, तिथली कितीतरी हॉटेलं वर्षानुवर्षं तेच करतायत आणि समोर तलावात खरा लेक पॅलेस उजळलेला असताना पडद्यावर पण तोच, हा प्रकार एकदा अनुभवावा असा आहे. पिच्चरमधे नायिका ऑक्टोपसी राहते तो हा जगनिवास, अठराव्या शतकातला. कमाल खानचा महाल म्हणून जो डोंगरावर दिसतो तो सज्जनगड, आपल्या साताऱ्याचा नव्हे बरं का, तिकडचा, महाराणा सज्जनसिंहांनी १८८४ मधे बांधायला घेतलेला. बाँड उतरतो ते हॉटेल म्हणजे शिवनिवास. आणि भूगोलाची तर पिच्चरने पार वाट लावलीये, आधी ताजमहाल दाखवतात आणि लगेच उदयपूरचा घाट, जणू मधे रिक्षाने दहा मिनिटं लागतात.

मुलीला खरं सांगा. हे शूटिंग १९८२ च्या सप्टेंबरच्या आसपास झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीत एशियाड झालं, अप्पू हत्ती आला, आपल्याकडे रंगीत टीव्ही आला. तो भारत या पिच्चरमधे औषधालासुद्धा नाही. एक स्कूटर नाही, एक सरकारी ऑफिस नाही, पोलीस नाही. बाँडने रिक्षा चालवणाऱ्याला नोटा देताना आता काही आठवडे करीची सोय झाली असं म्हणणं तर आज ऐकवतच नाही, तेव्हाही ऐकवलं नसणार.

पण हा भारत आला कुठून तेही सांगतो. पटकथेच्या तीन लेखकांत एक नाव आहे जॉर्ज मॅकडोनाल्ड फ्रेझर. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेतून ब्रह्मदेशात लढलेला, आणि नंतर त्याने फ्लॅशमन नावाच्या एका भित्र्या, लबाड इंग्रज अधिकाऱ्यावर कादंबऱ्यांची माळच लिहिली, त्यातली एक तर १८५७ वर आहे आणि तिच्यात झाशीची राणी सुद्धा आहे. म्हणजे याच्या डोक्यातला हिंदुस्थान हा एकोणिसाव्या शतकातल्या साहसकथांचा हिंदुस्थान. हत्तीवरून शिकार, जनाना, विश्वासू पगडीवाला सरदार, फाशांत लबाडी करणारा नवाब. ते सगळं उचलून त्याने १९८२ मधे ठेवलंय. हे एकदा लक्षात आलं की राग जात नाही पण थोडी मजा यायला लागते, कारण पिच्चर भारताबद्दल नाहीच, इंग्रजांच्या जुन्या गोष्टींच्या पुस्तकांबद्दल आहे.

आणि एक प्रामाणिकपणे कबूल करतो. रिक्षाच्या पाठलागात बाँडचा इथला साथीदार झालेला विजय अमृतराज टेनिसच्या रॅकेटने गुंडांना झोडतो आणि बाजूची गर्दी विंबल्डनसारखी माना डावीकडे उजवीकडे करते, तो जोक फालतू आहे, अगदी फालतू, आणि मी दर वेळी हसतो. अमृतराज १९७३ आणि १९८१ मधे विंबल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचलेला खेळाडू होता, त्याला नट म्हणून काही येत नाही हे पहिल्या मिनिटात कळतं, पण माणूस इतका गोड आहे की त्याला मारतात तेव्हा वाईट वाटतं. पुंगीवर बाँडची धून वाजवून तो बाँडला स्वतःची ओळख पटवून देतो, हे मात्र मालिकेतल्या सगळ्यात भारी विनोदांपैकी एक.

प्रश्न : ऑक्टोपसी म्हणजे काय? फ्लेमिंगचं हे पुस्तक मला कुठे मिळालं नाही.
— सांगली

कादंबरी नाहीच ती, कथा आहे. इयान फ्लेमिंग १९६४ मधे गेला आणि १९६६ मधे ती कथा पुस्तकरूपात आली. जमैकातला एक निवृत्त, दारूत बुडालेला मेजर, त्याने युद्धानंतर सोनं चोरून एक खून केलेला, आणि इतक्या वर्षांनी बाँड त्याच्या दारात येतो. 'ऑक्टोपसी' हे त्या मेजरच्या आवडत्या ऑक्टोपसचं नाव. पिच्चरमधे ही अख्खी कथा दोन मिनिटांच्या संभाषणात येते, नायिका त्या मेजरची मुलगी दाखवलीये आणि ती बाँडला म्हणते की तू माझ्या वडिलांना अटकेऐवजी सन्मानाने मरायची संधी दिलीस त्याबद्दल आभार. सूड घ्यायला बोलावलं असेल असं वाटत असताना ती आभार मानते. छान आहे ते. अंड्याच्या लिलावाचा प्रसंग फ्लेमिंगच्या दुसऱ्या एका कथेतून घेतलाय. बाकी सगळं नवीन.

प्रश्न : मी तीनदा पाहिला आणि तीनदा माझा गोंधळ झाला. अंडं खरं की खोटं? दागिने कुणाचे? बॉम्ब कुठून आला? इतक्या उड्या मारणाऱ्या पिच्चरला एवढी गुंतागुंतीची स्टोरी कशाला?
— न्यू जर्सीहून एक सॉफ्टवेअरवाले

तुमचा एकट्याचा नाही, सगळ्यांचा होतो. हा खरा दोष आहे, अंड्यावर इतका वेळ घालवतात की तीच मुख्य गोष्ट वाटते. सोपं करून सांगतो.

सोव्हिएत जनरल ऑर्लोव्ह हा क्रेमलिनच्या खजिन्यातले खरे दागिने काढून जागी नकली ठेवतो. खरे दागिने कमाल खानमार्फत ऑक्टोपसीच्या सर्कशीतून पश्चिमेत जातात. ००९ च्या हाती लागलेलं अंडं नकली होतं, म्हणून खानला लिलावात खरं परत विकत घ्यावं लागतं, कारण नकली हरवल्यावर क्रेमलिनमधे ठेवायला काहीतरी हवं, आणि बाँड लिलावात मुद्दाम बोली चढवतो आणि गुपचूप अंडं बदलतो. इथपर्यंत तस्करी. ऑक्टोपसीला एवढंच माहितीये.

दुसरा डाव तिला माहीत नाही. ऑर्लोव्ह आणि खान रेल्वेत दागिन्यांच्या जागी बॉम्ब ठेवतात. तो बॉम्ब पश्चिम जर्मनीतल्या अमेरिकन हवाई तळावर, भर सर्कशीत फुटणार. आणि तुम्ही म्हणता गुंतागुंत कशाला, तर ऐका, बाँडच्या मालिकेत यापेक्षा डोकेबाज कट मला तरी आठवत नाही. कुठलं क्षेपणास्त्र आलेलं नाही, रडारवर काही नाही, म्हणजे जग असंच समजणार की अमेरिकेचा स्वतःचाच बॉम्ब अपघाताने फुटला. मग युरोपातली जनता रस्त्यावर येणार, घेऊन जा तुमची अण्वस्त्रं, आणि एकदा ती गेली की ऑर्लोव्हच्या रणगाड्यांना सीमा मोकळी. बॉम्बने जिंकायचं नाहीये त्याला, बॉम्बनंतरच्या जनमताने जिंकायचंय. ना चंद्रावर घर ना समुद्राखाली शहर, नुसता हिशोब.

आणि हे हवेतलं नव्हतं. ब्रिटनमधे ग्रीनहॅम कॉमनच्या हवाई तळाबाहेर १९८१ पासून बायका तंबू ठोकून बसल्या होत्या, अमेरिकन क्षेपणास्त्रं नकोत म्हणून. पश्चिम जर्मनीत पर्शिंग क्षेपणास्त्रं १९८३ च्या शेवटाला यायची होती आणि तिथे प्रचंड मोर्चे निघत होते. पिच्चर जूनमधे लागला आणि सप्टेंबरमधे सोव्हिएत बाजूला प्रत्यक्षात एक रात्र अशी आली की यंत्रणा सांगत होती अमेरिकन क्षेपणास्त्रं येतायत, आणि पेट्रोव्ह नावाच्या एका अधिकाऱ्याने हा बिघाड आहे असं ठरवलं म्हणून आपण हे सदर लिहितोय आणि वाचतोय. तेव्हा प्रेक्षागृहात बसलेल्या जर्मन माणसाला तोफेखालचा तो बॉम्ब काय वाटला असेल कल्पना करा.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. हा कट व्हिलन भाषण ठोकून सांगत नाही. रेल्वेच्या डब्यात बाँड ऑर्लोव्हवर पिस्तूल रोखून स्वतः एकेक धागा जोडत जातो, आणि जोडता जोडता त्याला कळतं आपण काय बोलतोय. तिथे मूर खरंच चिडलेला दिसतो, आवाज न चढवता. आणि समोरचा स्टीव्हन बर्कॉफ इतकी ओव्हरॲक्टिंग करतो की शेजारच्या डब्यात ऐकू जावी, पण ऑर्लोव्ह हा तसाच माणूस आहे, त्याच्या सरकारलाही तो डोक्याला तापच वाटतो. केजीबीचा प्रमुख गोगोल त्याच्याच मागावर असतो. शेवटी ऑर्लोव्ह सुटलेल्या रेल्वेमागे रुळांवरून धावतो आणि सीमेवरचे त्यांच्याच बाजूचे पहारेकरी त्याला गोळ्या घालतात. गोगोल दागिने बघून म्हणतो, साधा चोर निघालास. त्यावर ऑर्लोव्ह मरता मरता म्हणतो, आज चोर, पण उद्या मी सोव्हिएत संघाचा हिरो असेन. त्याला माहितीये बॉम्ब निघालाय. गोगोलला कळत नाही. बाँडपटात व्हिलनला इतकं चांगलं मरण क्वचितच मिळालंय.

आणि मग लगेच दहा मिनिटांत बाँड लिफ्ट मागत रस्त्यावर उभा. टवाळ पोरं गाडी थांबवून पुढे पळवतात. एक म्हातारं जोडपं घेतं तर सॉसेज खायचा आग्रह करतं. फोनच्या बूथमधे एक बाई आधी घुसते. बॉम्बची घड्याळं चाललीयेत आणि हिरो आपल्या एसटी स्टँडवर अडकलेल्या माणसासारखा झालाय. इथे विनोद आणि भीती एकाच वेळी चालतात आणि एकमेकांना मारत नाहीत. संपूर्ण पिच्चर असा असता तर मला हे सदर लिहायची वेळ आली नसती.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. पप्पा म्हणतात कबीर बेदी खरोखर विमानावर उभा होता. खरं का?
— फोंडा, गोवा

तुझ्या पप्पांना सांग, चेहरा जवळून दिसतो तेवढा बेदी, बाकी हवेतले लांबचे शॉट्स स्टंटवाल्यांचे. पण ते लोक खरोखर उडत्या विमानाच्या बाहेर होते रे, कॉम्प्युटर वगैरे काही नव्हतं तेव्हा. रेल्वेचं पण तसंच. पिच्चरमधली ती पूर्व जर्मनीची रेल्वे खरं तर इंग्लंडमधे पीटरबरोजवळच्या नेन व्हॅली नावाच्या जुन्या लाईनवर चालवली, आणि तिथे डब्याच्या बाजूला लटकताना मूरचा डमी मार्टिन ग्रेस भिंतीला आपटला, मांडीला आणि कंबरेला इतकं लागलं की तो कित्येक महिने हॉस्पिटलात होता. सुरुवातीला कोठारातून आरपार जातं ते चिमुकलं जेट पण खरं उडणारं होतं, फक्त कोठाराच्या आतला भाग एका गाडीवर खांब लावून त्यावर जेट बसवून काढलाय. पुन्हा बघशील तेव्हा गाडी शोध, पुढे माणसं आणि सामान ठेवून लपवलीये.

बेदी ज्याचं काम करतो त्या गोबिंदाबद्दल, म्हणजे कमाल खानच्या अंगरक्षकाबद्दल, अजून थोडं, कारण मला तो फार आवडतो. बेदी तेव्हा इटलीत 'सांदोकान' मालिकेमुळे मोठा स्टार होता, आणि इथे त्याला वाक्यं किती, तर बोटांवर मोजण्याइतकी. फासे हातात घेऊन त्यांचा भुगा करतो आणि बाँडकडे नुसतं बघतो. पण शेवटचा सीन बघ. विमान आकाशात, बाँड वर टपावर, आणि कमाल खान शांतपणे त्याला सांगतो, बाहेर जा आणि त्याला पकड. बेदीच्या चेहऱ्यावर एक क्षण येतो, अख्ख्या जगातल्या नोकरदार माणसांचा क्षण आहे तो, बाहेर? विमानाच्या? आणि तरीही जातो. तू मोठा होऊन नोकरीला लागलास की हा सीन परत बघ.

प्रश्न : त्याच वर्षी कॉनरीचा बाँड पण आला होता ना? मग जिंकलं कोण?
— ठाणे

हो, 'नेव्हर से नेव्हर अगेन', ऑक्टोबर १९८३. हक्कांच्या जुन्या भांडणामुळे दुसऱ्या निर्मात्यांना बाँडचा पिच्चर काढता आला आणि त्यांनी थेट कॉनरीलाच परत आणलं. पेपरवाल्यांनी बाँड विरुद्ध बाँड अशी कुस्तीच लावली. मूर तेव्हा ५५ चा आणि कॉनरी त्याच्यापेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी लहान, हे बऱ्याच जणांना खोटं वाटतं. मूरला खरं तर थांबायचं होतं, निर्मात्यांनी जेम्स ब्रोलिन या अमेरिकन नटाची स्क्रीन टेस्ट पण घेतली होती, पण समोर कॉनरी उभा राहतोय म्हटल्यावर नवा भिडू कोण उतरवणार. गल्ल्यावर मूर जिंकला, साधारण १८७ मिलियन डॉलर विरुद्ध १६०.

पण वय दिसतं, ते मान्य. पळताना दिसतं आणि पोरींच्या जवळ गेल्यावर तर फारच दिसतं. ऑक्टोपसी झालेल्या मॉड ॲडम्सबरोबर दिसत नाही कारण ती मोठ्या बाईसारखी वागते.

आणि ऑक्टोपसीचा प्रीमियर लंडनमधे ६ जूनला झाला. तीन दिवसांनी तिथेच वर्ल्ड कप सुरू झाला. त्या महिन्यात बाँडकडे कुणाचं लक्ष असणार, आपलं तर नव्हतंच.

प्रश्न : नायिका एका बेटाची राणी, फक्त बायकांची टोळी, स्वतःचा धंदा, सर्कस, हॉटेलं. ऐकायला भारी वाटतं. पण शेवटी बाँडच तिला वाचवतो ना? मग तुम्ही लोक 'स्ट्राँग कॅरेक्टर' म्हणता ते कशाला?
— मिरजेची एक वाचक

तुमचं बरोबर आहे आणि मला उत्तर द्यायला जड जातंय. टायटल तिच्या नावावर आहे पण चेहरा निम्म्या पिच्चरपर्यंत दाखवत नाहीत, नुसती पाठ आणि निळा ऑक्टोपस. मग ती येते आणि खरंच वेगळी वाटते, बाँड तिला तोऱ्यात नकार देतो तेव्हा ती म्हणते तू आणि मी एकाच माळेचे मणी आहोत, आणि ते खोटं नाही. अनाथ, भटक्या बायकांना गोळा करून तिने काम दिलंय. आणि जोकरच्या सीनमधे बाँडवर शेवटी विश्वास ठेवतं कोण, तर ती. जनरल नाही, पोलीस नाही. कुलूप गोळी घालून तोडते ती, तेव्हा बॉम्ब दिसतो. बाँडने कितीही ओरडून काही झालं नसतं.

मग खानच्या महालावर तिच्या मुली कसरती करत हल्ला करतात, तिथे पिच्चर परत गॅदरिंग. आणि शेवटी तिला बेशुद्ध करून विमानात टाकतात, म्हणजे बाँडला पाठलाग करायला कारण. फुकट घालवलं. मॉड ॲडम्स १९७४ च्या 'द मॅन विथ द गोल्डन गन'मधे पण होती, वेगळ्या भूमिकेत, तिथे तर तिला मधेच मारून टाकलं होतं. त्या मानाने बढती म्हणायची.

प्रश्न : गाण्यात पिच्चरचं नाव का नाही?
— कोल्हापूर

तुम्हीच यमक जुळवून बघा. टिम राइसने शहाणपणा केला आणि 'ऑल टाइम हाय' लिहिलं, रिटा कूलिजने गायलं. गाणं ठीकठाक आहे, पण जॉन बॅरीचं पार्श्वसंगीत कान देऊन ऐका, मधला एक पिच्चर दुसऱ्याने केल्यावर तो परत आला होता आणि रेल्वेच्या सगळ्या भागात जो ताण आहे त्यातला निम्मा त्याचा.

प्रश्न : घरच्यांबरोबर बघता येईल का? नावावरून धाकधूक वाटते.
— नाव छापू नये, चिपळूण

नावाएवढं वाईट आत काही नाही. मी पहिल्यांदा पाहिला तोच मुळी घरच्यांबरोबर, सुट्टीत मामाने भाड्याने व्हीसीआर आणला होता, खोलीत वीस-बावीस माणसं, कॅसेट इतकी घासलेली की रेल्वेचा सगळा भाग पाऊस पडल्यासारखा. शिकारीच्या वेळी सगळे टारझनवर खदाखदा हसले, फकिरावर हसले, मेंढीच्या डोळ्यावर बायका ई करून उठल्या. आजीला इंग्रजी येत नव्हतं, ती कोपऱ्यात वाती वळत बसली होती. मग तो जोकरचा सीन आला आणि पडद्यावरचे हसायला लागले तसे आमच्या खोलीतले पण हसायला लागले, आणि आजी एकदम ओरडली, अरे हसताय काय, तो खरं सांगतोय.

वाघ येतो तेवढा आवाज कमी करा. आणि जळूच्या वेळी जेवण नको.